जोडी सुटू नये म्हणून

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. आत शिरतानाच तिनं ओठांवर बोट ठेवलं होतं, त्यामुळं तोंड उघडायचीही भीती वाटत होती. दरेकशाजवळच्या तिच्या घरात रेशमाच्या कोशांच्या माळा टांगल्या होत्या. कोशांतून निघालेल्या पाखरांच्या त्यांवर जोड्या लागल्या होत्या आणि भिंतीवरून एक पाल त्यांच्याकडे सरकत होती.

"हाणा ना तिला!" मी पुटपुटले.

"हादरा बसन. जोडे लवकर सुटले त अंडी पोचट निघतेत."

तिनं उघडा तळहात पालीच्या तोंडापुढं धरला. पाल थबकली, मग वळली. हात तिथंच राहिला.

"दुपारपावतर असीच उभी राहीन," ती म्हणाली. "माहा नवरा होळीले एक रात येते, सकारीच गाडी धरते. या पाखरायले तरी पुरा वेळ भेटू दे."