किसनचा उजवा खांदा

बातमी आली ती क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, दोन सुप्रभातांच्या मध्ये. वर कुणीतरी पाठवलेला गुलाब, खाली कुणाचा तरी गुडघेदुखीवरचा ओव्याचा उपाय, आणि मध्ये एक ओळ, ‘आपले ज्येष्ठ प्रशिक्षक किसनराव हरपळे यांचे हडपसर येथील राहत्या घरी निधन.’ मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. तोवर ओव्याच्या उपायावर चर्चाही सुरू झाली होती. आमचा क्लब असाच आहे, त्यात मीही आलो. दीड महिना झाला या गोष्टीला. किसन माझा डबल्सचा पार्टनर. नऊ वर्षं आम्ही एका कोर्टवर खेळलो, आणि त्याच्याबद्दल जे लिहायला हवं ते मी आजवर टाळलं. आता वय शहात्तर आहे. टाळायला फार दिवस उरलेले नाहीत.

सत्तरच्या दशकात पुण्यात बॅडमिंटन म्हणजे पेठांतल्या आणि कँपातल्या मुलांचा खेळ. पांढरी चड्डी, पांढरे बूट, आणि हरलो तरी इंग्रजीत हरायचं. त्यात हा हडपसरच्या शेतकऱ्याचा मुलगा एके दिवशी हॉलच्या दारात येऊन उभा राहिला. कारखान्याच्या वसाहतीत उघड्यावर, वाऱ्यात खेळून शिकलेला. आमच्या सेक्रेटरींनी त्याला नखशिखांत न्याहाळून विचारलं, “आपण कोणाकडे आला आहात?” किसन म्हणाला, “कुणाकडं न्हाय. खेळायला आलोय. जागा हाय का?” त्याने पहिला स्मॅश मारला तेव्हा शेजारच्या कोर्टवरचा खेळ थांबला. सेक्रेटरी फक्त एवढंच म्हणाले, “उद्यापासून पांढरी चड्डी घालून या.” पुण्यात याला स्वागत म्हणतात.

आमची जोडी जमली ती एका साध्या कारणामुळे. मला स्मॅश नव्हता, आणि त्याला धीर नव्हता. डबल्समध्ये एक जण पुढे नेटजवळ असतो, दुसरा मागे. मी पुढून शटल असं खाली ठेवायचो की समोरच्यांना ते उंच उचलण्यावाचून गत्यंतर नसे. उचललेलं शटल मागे किसनकडे जायचं आणि पुढचं सांगायला नको. पुढच्याने मागे वळून बघायचं नसतं. वळलं की शटल तोंडावर बसतं. म्हणून गंमत अशी, की ज्या स्मॅशबद्दल लोक अजून बोलतात तो मी कधी नीट पाहिलेलाच नाही. मी तो ऐकला. कानाजवळून काहीतरी सणकन जायचं आणि समोरचा माणूस मान खाली घालायचा. तो मला ‘पंत’ म्हणायचा. चांगला फटका जमला की मागून आवाज यायचा, “पंत, अजून एक उचलव.” मी उचलवायचो.

आता ती फायनल… राज्य स्पर्धेची होती, आमच्याच हॉलमध्ये. पुढच्या महिन्यात राष्ट्रीय संघासाठी निवडीचं शिबिर होतं आणि किसनचं नाव त्यात जवळजवळ नक्की धरलं जात होतं. माझं नव्हतं, मला ते ठाऊकही होतं. माझं लक्ष दुसरीकडे होतं. एका बँकेच्या साहेबांनी मला सांगितलं होतं, विजेतेपद आणा, खेळाडू म्हणून घेतो. घरी मी थोरला, वडील निवृत्त, दोन बहिणी लग्नाच्या. पहिला गेम आम्ही घेतला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या आधी किसन टॉवेलने तोंड पुसत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “पंत, खांदा लई ठणकतोय. आत काहीतरी तुटल्यागत वाटतंय. मी पुढं येतो, तू मागं जा.”

मी मागे गेलो असतो तर आम्ही हरलो असतो. हे त्यालाही कळत होतं, तरी त्याने विचारलं, म्हणजे दुखणं कसलं असेल ते मला समजायला हवं होतं. समजलंही होतं. इथे शब्दांशी खेळून उपयोग नाही. मी त्याला म्हणालो, “आत्ता? एवढा एक गेम सोस. दहा मिनिटांचा प्रश्न आहे.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मागे गेला. आणि मी काय केलं? चार शटल जाळीलगत खेळवून त्याला उसंत देता आली असती. मी दिली नाही. मी पुढून एकेक शटल खाली ठेवत गेलो, समोरचे उचलत गेले, आणि माझ्या मागे तो मारत राहिला. नेहमी तो ओरडायचा, त्या गेममध्ये मागून आवाजच आला नाही. मी वळून पाहिलं नाही. वळायचं नसतंच ना… नियम माझ्या सोयीचा होता. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात किसनने कप डाव्या हातात धरलाय. लोकांना वाटलं, डावखुरा आहे.

त्याचा उजवा हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. शिबिराचं पत्र आलं तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, “खांद्याला काय केलंत हे?” मी शेजारीच उभा होतो. किसन म्हणाला, “सायकलीवरनं पडलो. लोणीवरनं येताना.” मग माझ्याकडे न बघता निघून गेला. मी बँकेत लागलो. बहिणींची लग्नं झाली, कोथरूडला फ्लॅट झाला. किसन त्याच हॉलमध्ये प्रशिक्षक झाला आणि पंचेचाळीस वर्षं डाव्या हाताने मुलांना शटल टाकत राहिला. नवी मुलं म्हणायची, “सर, एकदा तुमचा तो स्मॅश मारून दाखवा ना!” तो म्हणायचा, “माझा बघून तुझा व्हणार हाय का? चल, पाय हलव.” काही मुलांना तर ते सगळं म्हाताऱ्यांच्या थापा वाटायच्या. जी खरोखर चांगली निघाली ती बाणेरच्या नव्या चकचकीत अकॅडमीत गेली. कुणी त्याचं नाव घेतलं नाही. एकदाच, पंधरा-वीस वर्षांपूर्वी, मी त्याला म्हणालो, “किसन, त्या दिवशी मी…” त्याने पुढे बोलू दिलं नाही. “पंत, शटल पडलीत सगळीकडं, गोळा करू लाग.” मी वाकून शटल गोळा केली. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

शेवटचा भेटलो तो दिवाळीनंतर, त्याच्या घरी. शर्ट घालताना तो आधी उजवा हात बाहीत सोडायचा, मग बाकीचा शर्ट अंगावर ओढून घ्यायचा. केस लक्ष्मीवहिनी विंचरून द्यायच्या. त्या इतक्या सहज विंचरत होत्या, की रोजचंच असावं.

शोकसभा क्लबमध्येच झाली. जुना पार्टनर म्हणून मला बोलायला सांगितलं. मी बरं बोलतो असा माझा लौकिक आहे. पांढऱ्या चड्डीचा किस्सा सांगितला, लोक हसले. मग कुणालातरी खांद्याची आठवण झाली आणि मी… मी सायकलचा किस्सा सांगितला. वर तिखटमीठ लावलं, “सोलापूर रस्त्याला खड्डे तेव्हाही होते, महापालिकेने परंपरा तेवढी जपली!” टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. निघताना मी नमस्कार केला तेव्हा त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, सायकल आमच्या लग्नात माझ्या वडलांनी दिली. त्याच्या आधी यांच्याकडं सायकल नव्हती.” त्यांचं लग्न फायनलनंतर दोन वर्षांनी झालं, मी पंगतीत वाढायला होतो. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या चपला शोधत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी हॉलवर गेलो. का, ते सांगता येणार नाही. त्याच्या बॅचच्या मुलींच्या डबल्स चालू होत्या. एका जोडीतली उंच मुलगी मध्येच थांबली, खांदा चोळत म्हणाली, “दुखतंय गं.” दुसरीने काहीही विचारलं नाही. ती लहानखुरी पोरगी सरळ मागे जाऊन उभी राहिली आणि उंच मुलगी पुढे आली. बाकावरून एका वडिलांनी ओरडून विचारलं, “अगं, तू कशाला मागे? तुला स्मॅश तरी येतो का?” ती म्हणाली, “काका, सरांचा रूल आहे. दुखतंय म्हटलं की जागा बदलायची. स्कोअर बघायचा नाही.”

त्या हरल्या. वाईट हरल्या. मग एकाच बाटलीतलं पाणी पीत, कोणाच्या स्कूटीवरून जायचं यावर भांडत बाहेर पडल्या. उंच मुलीने दारातून जाताना हात वर करून केस बांधले.

मी बाकावर बसून राहिलो. इतकंच झालं असतं, किसन.