ठसा उमटवणारं चाक

माझ्या बहिणीकडे एक चाक आहे. सायकलचं नाही, गाडीचं नाही. नुसतं एकच चाक, बॅटरीवर चालणारं. दोन बाजूंना पाय ठेवायला दोन पायदानं आणि वर उचलायला एक मूठ. बसायला काही नाही, धरायला काही नाही. ती त्यावर उभी राहते. पुढे झुकली की चाक पळतं, मागे झुकली की थांबतं. आमच्या भागात असं चाक चालवणारी ती एकटीच. आणि तिचा मोठा भाऊ मी एकटाच, हेही लक्षात ठेवा.

लहानपणापासून एका जागी टिकली नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. शाळा मला फार झेपली नाही, तिला झेपली. पण आई म्हणते, तुम्हा दोघांचं डोकं एकच. खरं तर ती म्हणते, दोघांत मिळून एकच. मी लोकांना अर्धंच सांगतो.

भिंगरी दात पोचवते. हसू नका. दातांचा डॉक्टर तोंडात तो गुलाबी लगदा दाबून ठसा घेतो ना, तो ठसा ओल्या फडक्यात गुंडाळून कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात न्यायचा. उशीर झाला तर ठसा आकसतो. आकसलेल्या ठशावर केलेली कवळी तोंडात बसत नाही, म्हातारा बोलायला लागला की समोरच्याच्या अंगावर येते. म्हणून घाई. गर्दीत मोटारसायकल अडकते. भिंगरी अडकत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या चाकाने तिला मारलं. मारलं म्हणजे मारलंच. माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या समोरच. मी ट्रकचा टायर ठोकत होतो. भर वेगात, भर पावसात चाक मेलं. ती हवेत गेली आणि खांद्यावर आपटली. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मला दुकानात ऐकू आला, गुडघ्यावर वाळकं लाकूड मोडावं तसा. मागून येणारा टेम्पो तिच्या केसांपासून वीतभरावर थांबला. मी त्या टेम्पोवाल्याला खाली ओढलं आणि दोन ठेवून दिल्या. त्याची काही चूक नव्हती, उलट त्यानेच ब्रेक दाबला होता. पण त्या वेळी कुणाला तरी मारणं भाग होतं.

हाड जुळलं. पण कारखान्याचा मालक म्हणाला, ‘‘पोरी, कोरड्या दिवसांत तू ये. पावसात माझा मेव्हणा नेईल मोटारसायकलवर.’’

हा मेव्हणा म्हणजे मालकाच्या बायकोचा भाऊ, पण सगळा रस्ताच त्याला मेव्हणा म्हणतो. त्याला शिवी द्यायची गरजच पडत नाही, हाक मारली की काम झालं. एकदा पावसाळाभर काम त्याच्या हातात गेलं की परत सुटायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

भिंगरी मालकासमोरून हललीच नाही. म्हणाली, ‘‘पाऊस लागला की पहिला आठवडा मला द्या. एक ठसा जरी बिघडला तर मी स्वतः ठशांची पेटी मेव्हण्याच्या हातात देईन.’’

‘‘आणि पडलीस तर?’’

‘‘पडले तर मी पडेन. ठसा नाही पडणार.’’

मालक हो म्हणाला. मग घरी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कत्तल सुरू झाली.

तिने चाक आडवं पाडून उभं चिरलं. स्क्रू गंजलेले, निघेनात, तर हातोडी घातली. कवच फाकवलं तेव्हा आतून गंजकं पाणी आणि मेलेलं झुरळ पडलं. तांब्याच्या तारांवर हिरवी बुरशी. ‘‘हे बघ,’’ ती दातओठ खात म्हणाली, ‘‘ह्यानेच माझं हाड मोडलं.’’ मदतीला मी होतोच. माझा स्क्रू-ड्रायव्हर बॅटरीच्या दोन टोकांवर पडला. निळा जाळ. बंदुकीसारखा आवाज. लोखंडाचं टोक मेणासारखं वितळून टेबलात भोक पडलं आणि माझी डावी भुवई गेली.

आई भाजी चिरत होती. तिने वळून बघितलं. ‘‘अर्धीच का काढलीस? दुसऱ्या भुवईच्या न्हाव्याचं दुकान बंद होतं का?’’

भिंगरीने बॅटरीला जाड रबरी प्लास्टिक गुंडाळलं, आतल्या सर्किट-बोर्डावर नखांना लावतात तसला पारदर्शक लेप मारला, ज्या पोकळ दांड्यातून मोटरच्या तारा बाहेर येतात तो दांडा चिकट सिलिकॉनने बुजवला. सिलिकॉन मी आणलं होतं, दुकानातलं. तिने नाकाशी धरलं आणि ती नळी सरळ माझ्या छातीवर फेकली.

‘‘आंबट वास येतोय. हे तांबं खातं, दादा! दुसरं आण.’’

‘‘मोठ्या भावाला फेकून मारतेस?’’

‘‘मोठा आहेस म्हणून नेम लागला.’’

पण पुढची अक्कल माझी. कवच बंद केल्यावर ती नळाखाली धरून बघणार होती. मी म्हणालो, बाजूला हो. पंक्चर कसं शोधतात? ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून मी कवचाच्या फटीत बसवलं. बॅटरी बाहेर काढून, कवचाला व्हॉल्व्ह लावून, पंपाने हवा भरली आणि अख्खं धूड दुकानातल्या पाण्याच्या टबात दाबलं. बुडबुडा येईल तिथे चोर. सगळीकडे शांत. आणि मग मुठीखालून बुडबुड्यांची माळ.

मुठीखाली एक बटण असतं. चाक उचललं की ते दाबलं जातं आणि मोटर बंद होते. माणसाच्या हातात चाक फिरू नये म्हणून. पाणी तिथूनच आत जात होतं.

‘‘बुजवून टाकते,’’ भिंगरी म्हणाली.

‘‘अगं, मग उचलताना मोटर बंद होणार नाही.’’

‘‘उचलणार कोण? मीच ना. मी आधी बंद करून उचलते.’’

‘‘आणि विसरलीस तर?’’

‘‘विसरायला मी काय तू आहे?’’

तिने बटण उपटलं, तारा जोडून टाकल्या, भोक सिलिकॉनने भरलं. टबात एकही बुडबुडा नाही. त्यावर तिने जाड गुट्ट्यांचा टायर चढवला, म्हणजे रबराचे चौकोनी ठोकळे वर आलेला, चिखलात पकड धरणारा. तो टायर निवडला मीच. चांगला टायर ओळखावा तर आम्हीच.

दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, ते वाटेतलं हलव. मी उचललं. ते चालू होतं. हातात जरासं कललं आणि चाक किंचाळलं. आपण पडतोय असं त्याला वाटतं आणि ते सावरायला धावतं. जमीन नसेल तर धावतच सुटतं. टायरने माझ्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंत सालं काढली, मग फडताळाचं दार फोडलं, मग ताटल्या. मग आडवं पडलं तेव्हा गप्प झालं. आडवं पडलं की ते झोपतं, उभं केलं की परत जागं होतं. रक्त पार छतापर्यंत उडालं होतं. आई हातात उलथनं घेऊन टेबलावर उभी. ‘‘घरात एक तर हा राक्षस राहील, नाही तर मी!’’

‘‘कोण, दादा?’’ भिंगरीने विचारलं.

तो व्रण अजून आहे. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणं तेव्हापासून सोडलं.

पाऊस लागला आणि तिचा आठवडा सुरू झाला. असा पाऊस की गटारांची झाकणं उडाली. रोज ती भिजून चिंब यायची आणि पेटीतले ठसे वेळेत पोचलेले असायचे. मेव्हणा कारखान्याच्या दारात छत्रीखाली उभा राहून बघायचा. चाक काही मरेना. मग वाटेत खिळे पडायला लागले. मग एका वळणावर दगड आला आणि तिच्या हेल्मेटची काच फुटली, गालात तुकडा घुसला. तिने तो काढला, रक्त पुसलं आणि ठसे पोचवले. घरी येऊन सांगितलं तेव्हा मी टायर काढायची पहार उचलली. तिने ती हातातून काढून घेतली. ‘‘तू त्याला मारलंस तर मालक मला काढेल. मग त्याला मार खाऊनही काम मिळालं.’’

म्हणून शेवटच्या दिवशी मी दुकान बंद केलं आणि स्कूटर काढून तिच्या मागे गेलो. नुसतं मागे.

पुलाखाली पाणी गुडघ्याच्या वर होतं. गाड्या बंद पडून हॉर्न वाजवत उभ्या. भिंगरी पाठीवर पेटी बांधून पाण्यात शिरली. अर्धं चाक बुडालेलं, पाणी दोन्ही बाजूंना फाटत होतं, आणि ती बाई सरळ उभी! मी ओरडत होतो, ‘‘ती माझी बहीण आहे!’’ बंद गाड्यांतले लोक काचा खाली करून बघत होते. माझी स्कूटर तिथेच बुडून मेली.

पलीकडे चढावर मोटारसायकल आडवी होती. मेव्हणा आणि त्याचे दोन दोस्त. भिंगरी वर आली तशी त्याने पायदानावर लाथ घातली. ती चिखलात पडली, पण पोटावर. पेटी वर राहिली. मी पाण्यातून धावलो. पहिल्याचं नाक मी तिथल्या तिथे बसवलं, त्याला विचारा. मग दुसऱ्याने मागून साखळी घातली आणि दोघांनी मिळून मला खाली घेतलं. बूट बरगड्यांवर बसत होते. तोंडात चिखल. मी तशातही ओरडलो, ‘‘मेव्हण्या, दात घशात घालीन!’’

‘‘आधी तुझे मोज, पंक्चरवाल्या!’’

आणि तो चाकाकडे वळला. त्याला ते कठड्यावरून खाली, पुराच्या पाण्यात फेकायचं होतं. त्याने मूठ धरून चाक उभं केलं. चाकाची बारीक शिट्टी वाजली. जागं झालं.

भिंगरी गुडघ्यांवर उठली. ‘‘खाली ठेव! अरे, चालू आहे ते!’’

त्याला वाटलं, ती गयावया करतेय. तो दात विचकून हसला.

‘‘उचलू नको! तुझ्या पाया पडते, उचलू नको!’’

‘‘पड पाया,’’ तो म्हणाला. त्याने चाक दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि छातीशी उचललं. ते कललं.

किंकाळी आधी चाकाची होती, मग त्याची. गुट्टे त्याच्या शर्टावरून चढले, गळा वाचला, हनुवटी सापडली. हातोडीने फरशी फुटावी तसा आवाज आला. तो मागे फेकला गेला आणि चाक कठडा ओलांडून खाली गेलं. माझ्यावरचे दोघे थांबले. मेव्हणा चिखलात बसला होता, ओंजळीत रक्त घेऊन, आणि ओंजळीत पांढरं काहीतरी. दोघं मोटारसायकलवर बसून पळाले, तीही मेव्हण्याची.

‘दात घशात घालीन’ हे मी आयुष्यभर म्हणत आलोय. घालून दाखवले तिच्या चाकाने.

भिंगरी कठड्यावरून खाली उतरली. पाण्याच्या आत चाकाचा दिवा जळत होता आणि शिट्टी वाजत होती. तिने कमरेएवढ्या पाण्यात हात घालून आधी चालू-बंदच्या बटणाने ते बंद केलं, मग उचललं. वर आणलं, चालू केलं. चाललं. मेव्हण्याजवळ थांबून ती म्हणाली, ‘‘तोंड दाबून धर. डॉक्टर त्या वळणावर आहे. मी सांगितलं होतं, चालू आहे.’’ मग मला म्हणाली, ‘‘दादा, त्याला घेऊन जा. मला उशीर होतोय.’’

आणि गेली. मोडक्या बरगड्यांनी मी त्या मेव्हण्याला खांद्यावर टाकून नेलं. वाटेत त्याने माझ्या शर्टाची वाट लावली.

ठसे वेळेत पोचले. पण भिंगरीला एकच धास्ती. मेव्हणा बोलला की काम गेलं. आणि मग डॉक्टरने बोलावून एक ठसा हातात दिला. ‘‘तुमच्या मालकाचाच नातेवाईक. गाडीवरून पडला म्हणे.’’ मेव्हण्याने खरं सांगितलं असतं तर आपण तिघं मिळून एका मुलीच्या अंगावर धावून गेलो होतो, हेही सांगावं लागलं असतं.

ती माझ्या दुकानावरूनच चालली होती. फडकं उघडून तिने दाखवलं. गुलाबी लगद्यात समोरची सगळी जागा सपाट.

‘‘टाक गटारात,’’ मी म्हणालो.

‘‘आकसेल, दादा. निघते.’’

मी मागून गेलो. मालकाचं तोंड बघितल्याशिवाय मला राहवणार नव्हतं. मेव्हणा कोपऱ्यात स्टुलावर बसला होता, तोंड भोपळ्यासारखं. हनुवटीवर निळे-जांभळे चौकोन, ओळीने, एकाखाली एक. मालकाने ठसा घेतला, अंगठा त्या सपाट जागेवरून फिरवला. मग त्याची नजर त्या चौकोनांवर गेली. मग दारात पाणी गाळत उभ्या असलेल्या टायरवर.

‘‘कशावरून पडलास म्हणालास?’’

‘‘गाऱीवलून,’’ मेव्हणा म्हणाला.

‘‘मग पावसात तू गाडीला हात लावू नकोस,’’ मालक म्हणाला आणि भिंगरीकडे दुसरी पेटी सरकवली. ‘‘पोरी, ही स्टेशनपलीकडची. पाऊस आहे, बघून जा.’’

भिंगरीने पेटी पाठीवर बांधली. चाकाकडे जाता जाता ती स्टुलाजवळ थांबली.

‘‘तुझे दात झाले की मीच आणून देईन,’’ ती त्याला म्हणाली. ‘‘कोरडे.’’