तळाची वाळू

आमच्या ओयदिनचं कौतुक मला सांगू नका. अख्खा मोहल्ला करतो, तेवढं पुरे. चुस्त गावच्या चाकूवाल्याची पोर. लग्न होऊन ताश्कंदला आली ती मान खाली घालून, ती मान अजून वर आली नाही. साळसूद मेली!

तिला उलट उत्तर देता येत नाही, हाच तिचा खोडसाळपणा. पहाटे उठून अंगण झाडते, फाटकाबाहेरचा रस्ताही झाडते. काहीही बोला, छातीवर हात आणि "बरं, ओयीजान." अशा सुनेशी सासूनं भांडायचं तरी कसं?

माझा मुलगा सानजार हॉटेलांमध्ये खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवतो. एक त्यानं आमच्याच बैठकीत बसवली. आत प्रवाळ, केशरी मासे आणि खाली वीतभर वाळू. ती वाळू राखायचं काम सुनेचं. नळीनं वरवरची घाण ओढून घ्यायची, तीही एका वेळी एकाच कोपऱ्यातली. उरलेल्या वाळूवर तपकिरी थर दिसायचाच. माझ्या डोळ्यांत खुपायचा तो.

अशात माझ्या लेकीला, मुखलिसाला, आपल्या मुलासाठी मागणी घालायला हुरमात खाला येणार असा निरोप आला. मुखलिसाचं वय उलटत चाललेलं. आधीची माणसं चहा पिऊन गेली ती गेलीच. हे स्थळ काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आणि हुरमात खाला म्हणजे लोकांच्या घरी जाऊन गालिचा उलटून बघणारी बाई! सानजार समरकंदला गेलेला. मी सुनेला म्हटलं, "वाळू सगळी उपसून धू. पांढरीशुभ्र दिसली पाहिजे."

"ओयीजान, खालची हलवू नको म्हणालेत हे. तिथं विषारी वायू साठतो, मासे मरतील."

"अंगण अर्धं झाडून सोडतेस का गं? का चुस्तला तशीच रीत आहे?"

"नाही, ओयीजान."

"मग तळापर्यंत काढ. मला शिकवू नकोस."

"बरं, ओयीजान."

आणि काढली की हो मेलीनं! खालून काळीकुट्ट निघाली.

वाळू धुऊन होतेय तोच हुरमात खाला येऊन बसल्या, समोर नान ठेवली. ती मोडली की लग्न ठरलं. तेवढ्यात सडक्या अंड्यांचा भपकारा सुटला आणि मासे पोट वर करून तरंगायला लागले. माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांदेखत ओरडले, "घर बुडवलंस गं माझं! कुणी सांगितलं होतं तुला?"

"चुकलं माझं, ओयीजान," ओयदिन म्हणाली.

आणि आमचं रत्न मुखलिसा, हातात चहाची किटली घेऊन दारातूनच किंचाळली, "तूच तर सांगितलंस, आई! खोटं कशाला बोलतेस?"

हुरमात खालांनी आम्हा तिघींकडे पाहिलं. नानला हात लावला नाही. निघताना ओयदिनला विचारलं, "पोरी, माहेरी बहीण आहे का गं तुला?"

"धाकटी आहे, खाला."

सानजार आला, रिकामी टाकी उचलून घेऊन गेला. आणि परवा हुरमात खालांनी चुस्तला ओयदिनच्या बापाच्या घरी नान मोडली! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. वर ही बया शेजारणींसमोर विचारते, "ओयीजान, बहिणीच्या लग्नाला जाऊ?"

नाही कशी म्हणणार? "जा," म्हटलं.

आतून मुखलिसाचा आवाज आला, "वहिनी, मलाही ने. या घरात मला बघायला आता कोण येणार आहे?"

शेजारणी चपला शोधायला लागल्या.