मामांची नेकटरी

झाडांना आपलं बोलणं कळतं असं मानणारे पुष्कळ असतात. झाडांनी आपलं ऐकलंच पाहिजे असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला त्यांचं घर. थोडी भातखाचरं, दोन म्हशी आणि साऱ्या जगाला शिकवायची हौस, एवढा त्यांचा संसार. आंब्याला ते दम देत, फणसाची खरडपट्टी काढत, आणि शेवग्याशी तर त्यांनी वर्षभर अबोला धरला होता.

हेच मामा एकदा हिमाचलात देवदर्शनाला गेले आणि देव राहिला बाजूला, नेक्टरीनच्या प्रेमात पडून आले. फळ पीचसारखंच, पण अंगावर लव नाही. "न्हाव्याकडनं आत्ताच उठून आल्यावानी गुळगुळीत," असं ते ज्याला त्याला सांगत. नाव मात्र त्यांनी नेकटरी करून टाकलं. येताना ओल्या फडक्यात गुंडाळून रोप आणलं. रेल्वेत त्याला आपल्या जागेवर बसवून स्वतः उभे राहिले. थंड मुलखातलं झाड आपल्याकडच्या पावसात टिकायचं नाही, असं गावानं सांगून पाहिलं. मामांनी आपलं इरलं झाडाला घातलं आणि स्वतः भिजत भातलावणी केली. दिवाळी झाली की ते त्याचं पान न् पान हातानं खुडत आणि "आता गप निजायचं" म्हणून त्याला बजावत. पौषात वेल्ह्याच्या बाजारातून बर्फाची लादी आणून मुळाशी ठेवत, म्हणजे झाडाला आपण हिमाचलातच आहोत असं वाटावं. आपल्याला तापात कुणी मिठाच्या पाण्याची घडीसुद्धा घातली नव्हती, असं मामी ऐकवत. मामांना ते ऐकू जात नसे.

यंदा ते झाड पहिल्यांदाच गुलाबी फुललं आणि चक्क फळलं. वानरं येतील म्हणून मामा गोफण घेऊन खाली बसून राहिले. त्याच सुमारास आंबवड्याला दिलेली त्यांची थोरली बहीण, आक्का, अंथरुणाला खिळली. आईमागं तिनंच मामांना वाढवलेलं. रोज सकाळी मामा आंबवड्याला जायला निघत, जाता जाता एखादं फळ बोटानं दाबून बघत आणि टोपी परत खुंटीला लावत. मी गाडी घेऊन येतो म्हणालो, तर मलाच समजावलं, "पिकू द्या, जावईबापू. आजारी माणसाच्या दारात आंबट फळ घिऊन जाऊ व्हय?" आक्कांच्या सुनेनं मोबाईलवर निरोप दिला, सासूबाई म्हणतात फळ राहू दे, तू ये. मामा नुसते हसले. ही काय चीज आहे ते आक्काला ठाऊक नाही, म्हणाले.

आक्का गेल्या तेव्हा फळं झाडावरच होती. मी मामांना आंबवड्याला घेऊन गेलो. कापूरहोळ गेलं, भोर गेलं, ते मांडीवरची टोपी सारखी करत राहिले.

तेराव्यानंतर त्यांना भेटायला गेलो, तर फळं पिकून गळत होती. मामांनी एक पुसून माझ्या हातात दिलं. साल अशी लाल की बघत राहावं, आणि आत आंबट ढाण. गोड आहे, मी म्हणालो.

"आंबट हाय. म्या खाल्लंय," मामा म्हणाले. मग म्हशीकडं बघत म्हणाले, "आक्काला आंबटच आवडायचं बगा. आमी ल्हान व्हतो तवा एक आंबा पाडाला लागू द्यायची न्हाई ती, कैरीच पाडायची. इसरलोच म्या."

मी ते फळ पार कोयीपर्यंत खाऊन संपवलं.