दुसऱ्या पाळीचा माणूस

पद्माकरराव खानवेलकर म्हणजे अस्सल सूर्यवंशी. घराणं थोर होतं म्हणून नव्हे, सूर्य चांगला वर आल्याशिवाय त्यांचा डोळा उघडत नसे म्हणून. तरुणपणी सांगलीहून ते बेंगळुरूला आले, एका सरकारी कारखान्यात लागले, आणि तिथल्या भट्टी खात्यात त्यांना आपल्या स्वभावाला साजेशी वस्तू सापडली. ती म्हणजे दुसरी पाळी. दुपारी जायचं आणि रात्री उशिरा घरी यायचं. बाकी कुणाला ही पाळी नको असे. कुणाच्या मुलांचा अभ्यास राही, कुणाची बायको कुरकुर करी. मग ते पद्माकररावांकडे येत आणि हे मोठ्या मनाने पाळी बदलून देत. झोपेची झोप होई आणि वर पुण्यही पदरात पडे. अशी सगळी नोकरी सुखात गेली.

घरात पहाट कशी होते, हे त्यांना ऐकूनच ठाऊक. नळाचं पाणी, दूध, मुलीचा डबा, तिची शाळेची बस, सगळं प्रेमाताई एकहाती उरकत. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन व्हाइटफील्डला राहायला गेली, तरी प्रेमाताईंचं उठणं काही बदललं नाही. पद्माकरराव अंघोळीला जात तेव्हा प्रेमाताईंचा अर्धा दिवस संपलेला असे.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली, हार मिळाला, डोक्यावर म्हैसुरी फेटा चढवला गेला. दोन शब्द बोला म्हटल्यावर पद्माकरराव माइकसमोर उभे राहिले. ते म्हणाले, "बायकोबरोबर सकाळचा चहा घेणं या नोकरीत जमलं नाही. उद्यापासून रोज घेणार." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या प्रेमाताई हसल्या. ते हसू पद्माकररावांनी होकार म्हणून घेतलं, आणि तिथेच गाडीने रूळ सोडला.

मात्र त्यांचं बोलणं फुकाचं नव्हतं. ज्या बाईबरोबर आपण जन्म काढला तिचा अर्धा दिवस आपण पाहिलेलाच नाही, हे त्यांच्या मनाला खरोखर लागलं होतं. तो अर्धा दिवस त्यांना हवा होता.

मुलीने, म्हणजे शाल्मलीने, रविवारी येऊन त्यांच्या फोनवर एक गजर लावून दिला. गणित सोडवल्याशिवाय तो बंदच होत नसे. भट्टीच्या तापमानाचे आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाला त्या बेरजा-वजाबाक्यांचं काय! पहिल्या दिवशी त्यांनी तीन गणितं झोपेतच सोडवली आणि कूस बदलली. मग फोन न्हाणीघरात ठेवून पाहिला. रात्रीचं जेवण लवकर घेतलं. सगळ्यांत कठीण म्हणजे दुपारची झोप सोडली. चार वाजता खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान छातीवर पडे आणि ते दचकून 'जागा आहे, जागा आहे' म्हणत. शाल्मली फोनवर म्हणाली, "बाबा, नव्याचे नऊ दिवस आहेत हे." पण पद्माकरराव हट्टाला पेटले होते. आणि खरंच, पावसाळा सरता सरता एका पहाटे त्यांना गजराआधी जाग आली. अंथरुणात उठून बसून त्यांनी अंधारातच स्वतःचं भरपूर कौतुक केलं.

पुढचं मात्र त्यांच्या कारखान्याने बिघडवलं. पाळीवर आलेला माणूस आधी काय करतो? सगळीकडे फिरून तपासणी करतो. काटे बघतो, आधीच्या माणसाला चार प्रश्न विचारतो. पद्माकररावही पहाटे स्वयंपाकघरात येत ते पाळीवर आल्यासारखेच. आल्या आल्या फटाफट दिवे लावत. "मोटर आत्ताच का लावलीस? टाकी अर्धी भरलेली आहे." "गॅस एवढा मोठा का?" "दूध आधी तापवून मग कणीक भिजवलीस तर वेळ वाचेल बघ." प्रेमाताई "हं" म्हणत. पहाटे त्या फिल्टर कॉफी घेत, पण आता ह्यांच्या भाषणातला चहा होताच, तोही करावा लागे. मग कॉफी घेऊन त्या मागच्या पायरीवर बसत आणि कन्नड पेपर उघडून एकेका शब्दावर बोट ठेवत हळूहळू वाचत. पद्माकरराव शेजारी बसत आणि फोनवरच्या बातम्या मोठ्याने सांगत. पेपरवरचं बोट तिथंच थांबून राही.

थोड्याच दिवसांत प्रेमाताई आणखी लवकर उठू लागल्या. पद्माकररावांनीही गजर थोडा आधीचा लावला. प्रेमाताई त्याच्याही आधी उठल्या. ह्यांनी पुन्हा गजर मागे घेतला. एकाच घरात दोन माणसांची न बोलता शर्यत लागली होती आणि त्यातल्या एकाला ती शर्यत आहे हेच ठाऊक नव्हतं. "तुझी आईसुद्धा आता किती लवकर उठायला लागली बघ," त्यांनी शाल्मलीला अभिमानाने सांगितलं. "संगतीचा परिणाम!"

मग एका पहाटे ते उठले तर घर रिकामं. ओट्यावर काही नाही, मागची पायरीही मोकळी. शेजारच्या गिरिजाअक्कांच्या व्हरांड्यात मात्र दिवा दिसत होता. मधली भिंत छातीएवढी. पद्माकरराव हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांना प्रेमाताईंचा आवाज आला. शाल पांघरून, हातात कॉफीचा पेला घेऊन त्या मोठ्याने कन्नड पेपर वाचत होत्या. गिरिजाअक्का एखादा शब्द सुधारून देत आणि दोघी खळखळून हसत. हे हसू पद्माकररावांनी आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

मग गिरिजाअक्का म्हणाल्या, "प्रेमा, स्वतःचं घर सोडून असं किती दिवस येशील? एकदा सांगून टाक त्यांना." कन्नड पद्माकररावांना वाचता येत नसलं तरी ऐकून सगळं समजत होतं.

"नको अक्का," प्रेमाताई म्हणाल्या. "इतक्या हौसेने उठतात. दुखावतील. पण आख्ख्या दिवसात तेवढी एकच वेळ माझी होती हो. कुणाचं काही करायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही."

पद्माकरराव पाय न वाजवता घरात आले आणि स्वयंपाकघरात उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच्या हाताखालच्या यंत्राला, तो हात पुसून बाजूला होईपर्यंत बोट लावायचं नाही, हा कारखान्याचा नियम. खात्यात आलेल्या नव्या पोरांना त्यांनी तो दटावून दटावून शिकवला होता. आणि घरात? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं पुटपुटत त्यांनी दिवा घालवला आणि परत जाऊन अंथरुणावर पडले.

पण झोप कुठली यायला! सवय इतकी पक्की लागली होती की पहाटे डोळे टक्क उघडत. मग रोज पद्माकरराव डोक्यावरून पांघरूण घेऊन, डोळे मिटून, झोपल्याचं सोंग आणून पडू लागले. हलायचं नाही, खोकायचं नाही, मोठ्याने श्वासही घ्यायचा नाही. दोन दिवस प्रेमाताई दारातून डोकावून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची कॉफी पुन्हा आपल्या घरच्या पायरीवर गेली. आतून पद्माकरराव ऐकत राहत. फिल्टरवर टिचकी मारल्याचा आवाज. अंगणात सडा टाकल्याचा आवाज. मग पायरीवरून अडखळत येणारं कन्नड, एक शब्द तीन तीनदा. ऐकता ऐकता त्यांना फार बरं वाटे आणि थोडं एकटंही वाटे. बायकोची सकाळ त्यांना मिळाली होती, पण भिंतीच्या अलीकडून.

"बाबा, सुटली ना सवय?" शाल्मलीने विचारलं.

"सुटली गं. जित्याची खोड!" असं म्हणून त्यांनी तो आळ मुकाट्याने डोक्यावर घेतला.

डिसेंबर आला. बेंगळुरूची थंडी पहाटे चांगलीच झोंबू लागली. धुंधुरमास लागला. या महिन्यात एका तरी पहाटे मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी असं रांधून सूर्य उगवताना गरम गरम जेवायचं, ही प्रेमाताईंच्या माहेरची चाल. शाल्मली शाळेत होती तेव्हा मायलेकी जेवत. पद्माकररावांच्या वाट्याला ती खिचडी दहा वाजता गार होऊन येई.

त्या पहाटे पद्माकरराव नेहमीसारखे गच्च डोळे मिटून पडले होते. खोलीच्या दारात पावलं थांबली.

"अहो, उठा."

पद्माकररावांनी हूं केलं, कूस बदलली, डोळे चोळले, मोठी जांभई दिली.

"पुरे झालं नाटक," प्रेमाताई म्हणाल्या. "महिना झाला, जागेच असता तुम्ही."

"तुला कसं कळलं?"

"घोरत नाही तुम्ही." त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. "लग्न करून इथे आले तेव्हा मला ना भाषा येत होती, ना ओळखीचं कुणी होतं. पहाटे एकटी उठायची, बाहेर सगळा अंधार. पण आतून तुमचं घोरणं ऐकू यायचं, मग भीती वाटायची नाही. इतकी वर्षं त्या आवाजावरच उठते मी. आता तुम्ही श्वास धरून पडता आणि मला वाटतं घरात कुणीच नाही. वाचनात लक्ष लागत नाही माझं."

"मला वाटलं, तुला तुझा वेळ हवा आहे," पद्माकरराव म्हणाले.

"हवाच आहे. पण तुम्ही नकोत असं कोण म्हणालं? चला, खिचडी निवेल. आणि दिवा लावू नका."

दोघं मागच्या पायरीवर ताटल्या घेऊन बसले. खिचडीची वाफ थंडीत वर जात होती. भाकरीवर लोणी विरघळत होतं. मीठ कमी होतं, पण पद्माकरराव ते बोलले नाहीत. समोर नारळाच्या झाडामागे आभाळ उजळू लागलं. मग बोलू लागल्या त्या प्रेमाताई. बाजारात पहिल्यांदा कन्नडमध्ये भाव केला तो दिवस, शाल्मलीचा ताप, पाण्यासाठी रांगेत झालेलं भांडण, दुकानांच्या पाट्यांवरून एकेक अक्षर ओळखायला शिकल्या ते. असं कितीतरी. यांतलं काहीच पद्माकररावांना ठाऊक नव्हतं. ऊन पायरीवर आलं, ताटल्या वाळल्या, तरी त्या बोलत होत्या आणि हे ऐकत होते.

शेवटी त्या थांबल्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उद्या उठाल ना?"

पद्माकररावांनी मान हलवली. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी थंडीवर ढकललं आणि दोघांच्या ताटल्या उचलून घासायला नेल्या.