दाराच्या कडेवरच्या रेघा

कराडच्या स्टँडमागच्या गल्लीत आकाराम कोळेकरचा ‘बिरोबा फोटो स्टुडिओ’ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, आधारकार्डाची लॅमिनेशनं, सगळं तो करतो. पोट त्यावर चालतं. पण कराडापासून सांगलीपर्यंत लोक त्याला ओळखतात ते जुन्या मोटारींचे फोटो काढणारा म्हणून.

हे वेड त्याला लहानपणी लागलं. त्याचा बाप बिराप्पा दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आटपाडीकडून खाली कडेगावच्या उसाच्या मुलखात उतरायचा. एकदा रस्त्यात कळपापुढं एक काळी, गोल पाठीची मॉरिस येऊन थांबली. चालवणाऱ्यानं हॉर्न मारला नाही. उलट मेंढरं बुजू नयेत म्हणून इंजिन बंद केलं आणि शेवटचं कोकरू बाजूला होईपर्यंत बसून राहिला. ते कडेगावकडचे बागायतदार आप्पासो. सात वर्षांच्या आकारामनं तेवढ्या वेळात गाडीच्या दिव्यात वाकून आपलं तोंड बघून घेतलं. पुढं चाळिशीत, स्टुडिओ चांगला चालायला लागल्यावर, आप्पासोंचे चिरंजीव लालासाहेब त्याला म्हणाले, “आमच्या जुन्या गाडीचा एक फोटो काढ रं,” आणि शेडमध्ये गेल्यावर समोर तीच मॉरिस. आकाराम सांगतो, “मी पैल्यांदा दिव्यात वाकून आपलं तोंड बघितलं, गड्या.”

तो फोटो सांगलीच्या उदयसिंहांनी पाहिला. उदयसिंहांकडे स्वतःच्या चार जुन्या गाड्या. दर जानेवारीत ते सांगलीत जुन्या गाड्यांचा मेळावा भरवतात आणि बारा गाड्यांचं कॅलेंडर काढतात. अकरा वर्षं त्या कॅलेंडरची बाराच्या बारा पानं आकारामची होती. त्याची पद्धत ठरलेली. आदल्या दिवशी जाऊन गाडी धुवायची, बॉनेट असं घासायचं की त्यात आभाळ दिसावं, रेडिएटरवर झेंडूची माळ घालायची आणि उन्हं कलली की फोटो. पोचा आला असेल तर ती बाजू लपवायची. मालक खूश, उदयसिंह खूश.

मग शिरवळची राजनंदिनी आली.

ती तिशीतली बाई. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सात वर्षं क्वालिटी विभागात होती, सुटे भाग डोळ्यांखालून घालायचं काम. ते सोडून ती कॅमेरा घेऊन फिरायला लागली. तीन वर्षांपूर्वी ती मेळाव्यात पहिल्यांदा दिसली, तेव्हा एका जुन्या डॉजशेजारी धुळीत मांडी घालून बसली होती. अर्धा तास तिनं कॅमेऱ्याला हातच लावला नाही. मग झिजलेल्या ब्रेकच्या पायडलचा फोटो काढला. उसवलेल्या सीटचा काढला. आकाराम शेजारच्याला म्हणाला, “पंचनामा करतीया जनू.” दोघं हसले.

पुढच्या वर्षी कॅलेंडरात तिला चार पानं मिळाली.

त्याची बायको मंगल मार्चच्या पानावरचं ते पायडल बघत किती तरी वेळ उभी राहिली. म्हणाली, “आवं, माझ्या बाच्या सायकलीचं पायडल आसंच झिजल्यालं. डाव्या अंगाला.” अकरा वर्षांत त्याच्या एकाही फोटोसमोर मंगल अशी उभी राहिली नव्हती. त्यानं कॅलेंडर परत फेब्रुवारीवर आणून ठेवलं. पाडवा गेला, यात्रा सुरू झाल्या, तरी घरात फेब्रुवारीच.

मनात एकदा कुसळ शिरलं की ते सलतच राहतं. गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर तिनं काढलेले फोटो उघडून बघायचा. खाली किती लोकांनी वाहवा केली ते मोजायचा, आणि आकडा मोठा दिसला की दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही. एकदा गुपचूप तिच्यासारखं करून पाहिलं. एका जीपचं पायडल जवळून टिपलं. घरी येऊन बघितलं तर ते भंगारातलं पायडल दिसत होतं, बाकी काही नाही. तिच्या फोटोत काय असतं जे आपल्या फोटोत येत नाही, हे त्याला कळेना, आणि न कळण्याचाच जास्त राग यायचा.

गेल्या डिसेंबरात लालासाहेबांचा फोन आला.

“आकाराम, औंदा मॉरिसचा फोटो ती शिरवळची पोरगी काढणार हाय. तसं उदयसिंहांनीच सांगितलंय. काल यिऊन आईजवळ तीन तास बसली. अरं, आईनं तिला काय काय सांगितलं! मागल्या दाराच्या आतल्या कडंला आईनं रेघा वडल्यात म्हणं. आमाला पोटच्या पोरांस्नी ठाव न्हाई.”

“कसल्या रेघा, दादा?”

लालासाहेबांनी सांगितलं. त्या काळी त्या भागात ती एकच मोटार. कुणाची बाई बाळंतपणात अडली की रात्रीअपरात्री आप्पासो गाडी काढून तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे. मागं बाईचं डोकं मांडीवर घेऊन लालासाहेबांची आई बनुबाई बसायची. परत आल्यावर ती केसातल्या आकड्यानं दाराच्या कडेला एक रेघ ओढायची. बाई एक, रेघ एक. सदतीस रेघा.

“गुरुवारी येणार हाय ती, फोटू काढाय,” लालासाहेब म्हणाले.

आकारामनं फोन ठेवला. चौदा वर्षं तो त्या गाडीची दारं उघडत होता, पुसत होता. त्या घरचा चहा प्याला होता, बनुबाईंच्या पाया पडला होता. म्हातारीनं त्याला कधी काही सांगितलं नाही. आणि ही काल आलेली बाई तीन तासांत सगळं घेऊन गेली.

बुधवारी सकाळी तो कडेगावला पोचला. लालासाहेब कारखान्यावर गेले होते. बनुबाई बंगल्याच्या पायरीवर उन्हाला बसल्या होत्या. वय शहाऐंशी, पण नजर साफ.

“आज कसा रं?” त्यांनी विचारलं.

“मेळावा जवळ आला, आक्का. गाडी जरा चमकवून ठेवतो.”

त्यानं मागचं दार उघडलं. आतल्या पत्र्याच्या कडेवर, बिजागरीपासून खाली, बारीक बारीक रेघा होत्या. काही सरळ, काही तिरक्या, घाईत ओढलेल्या. दोन रेघांवर आडवी रेघ मारली होती. त्या दोन बाया परत आल्या नसणार, हे त्याला कुणी न सांगता कळलं.

मग त्यानं पॉलिश पेपर घेतला. स्वतःशी म्हणाला, ओरखडे आहेत, गाडी चांगली दिसायला पाहिजे. आपण खोटं बोलतोय हे त्याला तेव्हाही माहीत होतं. वीस मिनिटांत कड गुळगुळीत झाली. वर पॉलिशचं कंपाऊंड मारलं, ब्रशनं काळा रंग दिला. दार लावलं, बनुबाईंना हात जोडले आणि कराडला आला. त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला.

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

“आकाराम, मागलं दार तू घासलंस व्हय?”

“व्हय, दादा. डाग हुतं, काढलं.”

मग लालासाहेब म्हणाले, “माझंच चुकलं मर्दा. रेघांचं तुला बोललो हुतो का न्हवतो, मला काय आठवंना.”

“न्हाई, दादा,” आकाराम म्हणाला. “तुमी न्हाई बोलला.”

आता ती काय फोटो काढणार, असं त्याला वाटलं. आठ-दहा दिवस त्यात बरे गेले.

जानेवारीत सांगलीत मेळावा भरला. मंडपात नेहमीप्रमाणं मोठे फोटो लावले होते. सगळ्यात जास्त गर्दी एका फोटोसमोर होती. आकाराम खांद्यांमधून वाट काढत पुढं गेला. मॉरिसचं मागचं दार, नव्या रंगानं चकाकणारं, आणि त्या कोऱ्या कडेवर बनुबाईंचा हात. तर्जनी पत्र्यावर टेकलेली, काहीतरी चाचपणारी. खाली चार ओळींत सदतीस बायांची हकीगत होती आणि शेवटी एवढंच, की रेघा आता पुसल्या गेल्या आहेत. कुणी पुसल्या ते लिहिलं नव्हतं.

आकारामच्या अंगाचा नुसता भडका उडाला. लाज नंतर आली, आधी आला तो मत्सरच. आपण तिचा फोटो मोडायला गेलो आणि तिनं त्याचाही फोटो केला! त्याच्या वाईटातूनसुद्धा तिचंच भलं झालं.

तेवढ्यात त्याच्या बाहीला कुणीतरी धरलं. साठीची एक बाई, डोक्यावर पदर, दुसऱ्या हातात चपला. त्याच्या छातीवर मेळाव्याचा बिल्ला होता, म्हणून तिनं त्याला विचारलं.

“दादा, मी सुलाबाई. कडेगावाजवळची. माझी आई ह्याच गाडीतनं मिरजंला गेली हुती. ती माघारी आली न्हाई, मी आली. माझ्या आईची रेघ कुठली आसंल वो?”

आकारामनं खिशातला मोबाईल काढला. म्हणाला, “तुमचा नंबर देता का, मावशी?” नंबर घेतला आणि मंडपाबाहेर आला. गाड्यांची मिरवणूक निघायची होती, ती न बघताच त्यानं घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी तो कडेगावला गेला. लालासाहेब आणि बनुबाई दोघं ओसरीवर होते. तो उभ्या उभ्याच बोलला. “दादा, तुमी मला रेघांचं सांगितलं हुतं. मी लबाड बोललो. मला ठाव हुतं आन् मी मुद्दाम पुसल्या. त्या पोरीला फोटू मिळू नये म्हणून.”

लालासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं, चप्पल पायात सरकवली आणि मळ्याकडं निघून गेले. शिवी दिली असती तर बरं, असं आकारामला वाटलं.

बनुबाई म्हणाल्या, “पायरीवर बसून मी बघत हुते की. मला वाटलं, धूळ पुसतोय.” मग विचारलं, “त्या पोरीला सांगितलंस?”

“न्हाई.”

“मंग माझ्याफुडं कशाला रडतोस? तिला सांग.”

ते त्याला सगळ्यात जड गेलं. तीन दिवस त्यानं फोन हातात घेतला आणि ठेवला. चौथ्या दिवशी लावला, सांगून टाकलं. राजनंदिनी शांतपणे म्हणाली, “काका, मी दार उघडलं तेव्हा कंपाऊंडचा वास येत होता आणि रंग पुरता वाळला नव्हता. सात वर्षं मी घासलेला पत्राच बघत होते. डाग काढणारा माणूस तेवढीच कड घासत नाही.”

“मंग तुमी कुणाला बोलला का न्हाई?”

“बोलून रेघा आल्या असत्या?” ती म्हणाली. “आणि तुम्ही आज सांगितलंत म्हणून मला बरं वगैरे वाटलेलं नाही. ठेवते.”

फेब्रुवारीत आकाराम सुलाबाईंना घेऊन कडेगावला गेला. बनुबाईंनीच निरोप धाडला होता, त्या बाईला आण म्हणून. लालासाहेब घरात होते, पण बाहेर आले नाहीत. दोघी बाया शेडमध्ये जाऊन मॉरिसच्या मागच्या सीटवर बसल्या. बनुबाईंनी सुलाबाईंचं बोट धरून दाराच्या कडेवर टेकवलं.

“हितं. खालनं तिसरी. तुझी आई सारजा. आषाढाचा महिना हुता, वड्याला पानी. वाटंत मला म्हनली, आक्का, तुमच्या लुगड्याला वास लय चांगला येतोय. मी म्हनलं, बये, ट्रंकंत उदबत्तीचा पुडा फुटलाया त्याच्यावर.”

सुलाबाई आधी रडल्या आणि मग त्या उदबत्तीवर हसू लागल्या. बनुबाईही हसल्या. आकाराम दाराशी हात बांधून उभा होता. कॅमेरा गळ्यात होता, पण हात लावायची त्याला छाती होईना.

बनुबाई त्याच्यावर खेकसल्या, “उभा काय ऱ्हायलायस? काढ की! त्या पोरीनं माझा नुसता हात काढला. माझं तोंड कोन काढनार?”

त्यानं काढला. गाडी धुतलेली नव्हती, काचेवर धूळ होती, आणि माळ आणायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मंगलनं तो फोटो बघितला आणि एकच विचारलं, “ह्या दोघी मायलेकी हायत का वो?”

लालासाहेब त्याच्याशी अजून बोलत नाहीत. पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरची सगळी पानं उदयसिंहांनी राजनंदिनीला दिली आहेत. ते कळलं त्या दिवशी आकारामनं एका नवरदेवाच्या बापाशी उगीच भांडण काढलं. तो सरळ कबूल करतो, “जळतंय आजून. का न्हाई जळणार?”

परवा राजनंदिनी पुण्याहून कोल्हापूरला जाताना त्याच्या स्टुडिओत येऊन गेली. काही बोलायला म्हणून नव्हे, मेमरी कार्ड हवं होतं. काउंटरमागं दोघी म्हाताऱ्यांचा फोटो लावला होता. ती त्या फोटोकडं बघत राहिली. आकाराम हिशेबाचं काही नसताना उगीच ड्रॉवर उघडझाक करत होता.

“कुठली लेन्स होती, काका?” तिनं शेवटी विचारलं.

तिच्या आवाजातला तो किंचित चिडका सूर त्यानं बरोबर ओळखला. तो सूर त्याच्या चांगला ओळखीचा होता.

“आता काय आठवत न्हाई, मॅडम,” आकाराम म्हणाला, आणि तिच्यासाठी चहा सांगितला.