आक्कांचा राहिलेला सरवा

सविताचा फोन आला तेव्हा मी निपाणीतल्या माझ्या स्टुडिओत एका लग्नाचा व्हिडिओ जोडत बसलो होतो. सविता म्हणजे शांताक्कांची सून. "आत्या गेल्या, दादा," एवढंच ती बोलली. खोटं कशाला सांगू, मला आधी रडू आलं नाही, रागच आला. सिनेमाचा एकच सीन राहिला होता, आणि ह्या बाई चालल्या निघून...

आक्का मराठी शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात मजुरी केली. लेकीला मात्र मिशनच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. तिथं भिंतीला चादर लावून यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथातल्या गोष्टींचे सिनेमे दाखवत. पुढं घर बौद्ध झालं, आक्का रिटायर झाल्या, पण हे वेड काही गेलं नाही. टीव्हीवर, मोबाइलवर, मिळेल तिथं त्यांनी असले सिनेमे बघितले आणि प्रत्येकावर चिडल्या. "समुद्र दुभंगलेला समद्यांनी दावला रं बापू. सरवा कुणाला दावता आला न्हाय." काढणीनंतर रानात राहिलेली कणसं गरिबांनी वेचायची, तो सरवा. त्या ग्रंथातली एक विधवा सून सासूला जगवायला परक्या रानात सरवा वेचते, आणि रानाचा मालक तिच्यासाठी मुद्दाम कणसं टाकायला लावतो. सिनेमातली सून इस्त्रीचे कपडे घालून, कंबर ताठ ठेवून वेचते, ह्यावर आक्कांचा फार राग.

म्हणून आमचा अर्ध्या तासाचा सिनेमा. रान आमचं, शाळू जोंधळ्याचं. सासू आक्का. सून सविताच, बेळगावच्या ऑफिसातून रविवारी यायची. मालक मी, आणि माणसं कमी म्हणून कणसंही मीच टाकायची. दोन सुग्यांत बाकी सगळं झालं, हा सीन तेवढा आक्कांना पसंत पडेना. "परत," म्हणायच्या. शुद्धलेखन पुन्हा लिहायला लावल्यासारखं नुसतं परत, परत. शेवटी वैतागून मी कॅमेरा बंद केला. म्हटलं, "आक्का, चुकतंय काय ते तरी सांगा."

"टाकतोस आणि बघतोस," त्या म्हणाल्या. "तुझा बा बी तसाच. देत व्हता, न्हाय म्हणत न्हाय मी. पर बांधावर उभा ऱ्हाऊन बघत व्हता. माज्या आईची मान ह्या रानात कवा वर झाली न्हाय."

त्यांची आई आमच्याच रानात मजुरीला, सरवा वेचायला यायची, हे मला ठाऊक होतं. पण माझा बाप गावात दिलदार म्हणून ओळखला जायचा. मला ते फार झोंबलं. मी बोलणंच टाकलं. यंदाच्या काढणीला आक्कांनी सविताकडून निरोप धाडला, कणसं खळ्यावर जायच्या आत कॅमेरा घेऊन ये म्हणून. मी लग्नाच्या ऑर्डरींचं निमित्त पुढं केलं. कणसं खळ्यावर गेली. पावसाळ्यात आक्का गेल्या. माझ्या फुगून बसण्यापायी त्यांचा सिनेमा अर्धवट राहिला, आणि आता भांडायलाही कुणी नाही.

परवा सविता स्टुडिओत आली. त्या सीनचा आहे त्यातलाच एक तुकडा घालून सिनेमा पुरा करूया, म्हणाली. आक्का बसायच्या त्याच लोखंडी खुर्चीत बसली. मी एकेक तुकडा लावत गेलो. आजवर बघताना माझं लक्ष उजेडाकडं, सविताच्या वाकण्याकडं असायचं. ह्या वेळी मी स्वतःला बघितलं. हात कणसं सोडतो आणि लगेच मान वळते, तिनं उचलली का ते बघायला. प्रत्येक तुकड्यात तेच. अगदी माझ्या बापासारखी वळते मान...

सगळे तुकडे संपले.

"परत काढू या, दादा," ती म्हणाली. "शाळू येऊ दे."

मी व्हय म्हटलं. मान वर करून तिच्याकडं मात्र बघवलं नाही.